बॅबिलोनियन आणि असिरियन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅबिलोन आणि असिरिया यांच्यातील फरकाविषयी वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी समजेल. जेथे एक विषय दुसऱ्यात शिरतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. जुन्या काळातील वर्षे अभ्यासकांमध्ये रूढ असलेल्या 'मध्यम कालगणने'नुसार आहेत.

१. बॅबिलोनियन आणि असिरियन हे दोन वेगळे वंश होते का?

वंशाच्या अंगाने गेले तर हाती फारसे काही लागत नाही. दोन्हीकडचे लोक अक्कडियन ही सेमिटिक भाषा बोलत, मातीच्या ओल्या पाटीवर बोरूने टोचून लिहायची तीच कीलाकार लिपी वापरत, बव्हंशी त्याच देवांना भजत आणि सुमेरियनांकडून आलेला तोच वारसा सांगत. फरक होता तो नगराचा, नगरदेवतेचा आणि गादीचा. टायग्रिसकाठच्या अश्शुर या नगराभोवती जे राज्य वाढले ते असिरिया. युफ्रेटिसकाठच्या बॅबिलोनच्या छत्राखाली उर, उरुक, निप्पुर, सिप्पर ही दक्षिणेतील जुनी नगरे आली, तो प्रदेश बॅबिलोनिया. राजघराणी तर दोन्हीकडे मिसळलेली होती. बॅबिलोनचा हम्मुराबी अमोराइट (पश्चिमेकडून आलेल्या टोळ्यांच्या) घराण्यातला, आणि त्याच सुमारास उत्तरेत गाजलेला शम्शी-अदाद हाही अमोराइटच. संस्कृती एक आणि गाद्या दोन, असे म्हटले तर वस्तुस्थितीच्या बरेच जवळ जाता येते.

२. हे दोन प्रदेश आजच्या नकाशावर कुठे येतात?

दोन्ही प्रामुख्याने आजच्या इराकमध्ये येतात. असिरियाचा गाभा उत्तरेस, मोसूल शहराच्या परिसरात होता. निनवे तर मोसूलला लागूनच आहे. बॅबिलोनचे अवशेष बगदादच्या दक्षिणेस सुमारे ८५ किलोमीटरवर, हिल्ला या गावाजवळ आहेत.

आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर असिरिया जिरायती आणि बॅबिलोनिया बागायती. उत्तरेत पावसावर धान्य पिकत असे. दक्षिणेत पाऊस इतका अपुरा, की कालवे काढून पाटाचे पाणी दिल्याशिवाय सातू उगवत नसे. कालवे गाळाने भरत, ते उपसण्यासाठी माणसे लावावी लागत, आणि सततच्या पाण्याने जमीन खारवण्याचा धोका असे. दक्षिणेत दगड नव्हता, त्यामुळे तेथे सारे बांधकाम विटांचे झाले. उत्तरेत कोरायला सोपा असा मऊ जिप्समचा दगड मिळत असे. संग्रहालयातील वस्तू ओळखताना हा फरक कामी येतो (प्रश्न १३ पाहावा).

३. आधी कोण आणि नंतर कोण? असिरियन गेले आणि बॅबिलोनियन आले, असा क्रम आहे का?

शाळेच्या पुस्तकात एकामागून एक धडे असतात, त्यामुळे हा समज होतो. प्रत्यक्षात दोघे सुमारे १२०० वर्षे शेजारी नांदले आणि पारडे वरखाली होत राहिले. हम्मुराबीने (इ. स. पू. १७९२ ते १७५०) बॅबिलोनला प्रथम मोठे केले, त्याच्या कायद्याच्या प्रस्तावनेत अश्शुर आणि निनवे ही नगरेही त्याच्या कृपाछत्राखाली असल्याचे म्हटले आहे. इ. स. पू. १५९५ मध्ये हित्ती राजा मुर्सिली याने बॅबिलोन लुटले, आणि त्यानंतर तेथे सुमारे चार शतके कॅस्साइट राजांची सत्ता चालली.

इ. स. पू. चौदाव्या शतकात असिरियाने डोके वर काढले, तेव्हाचा एक प्रसंग बोलका आहे. असिरियाचे वकील इजिप्तच्या फारोकडे गेल्याचे कळताच बॅबिलोनचा राजा बुर्नाबुरियाश याने फारोला पत्र लिहून तक्रार केली, की हे असिरियन माझे ताबेदार आहेत, मी त्यांना पाठवलेले नाही, त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवावे. तक्रारीचा उपयोग झाला नाही. पुढे इ. स. पू. ९११ ते ६०९ हा काळ असिरियन साम्राज्याचा, आणि इ. स. पू. ६२६ ते ५३९ हा नवबॅबिलोनियन राज्याचा. शेवटी सायरसच्या इराणी फौजेने बॅबिलोन घेतले.

४. दोघांची भाषा एकच होती, तर ते एकमेकांचे बोलणे समजू शकत होते का?

होय. बॅबिलोनियन आणि असिरियन या अक्कडियनच्या दोन बोली मानल्या जातात. 'घर' या अर्थाचा शब्द दक्षिणेत 'बीतु' आणि उत्तरेत 'बेतु' होता. असे स्वरांचे फरक बरेच आहेत आणि व्याकरणातही थोडे भेद आहेत. मात्र दोन्ही बोलींना सारखा मान नव्हता. साहित्य, स्तोत्रे आणि राजांचे विजयलेख यांसाठी बॅबिलोनियनच प्रमाण मानली जाई. निनवेत बसलेला असिरियन राजा घरच्या कारभाराची पत्रे असिरियनमध्ये लिहवून घेई, पण आपला पराक्रम दगडावर कोरायचा झाला की बॅबिलोनी वळणाची भाषा वापरी. हरलेल्या शेजाऱ्याच्या भाषेत स्वतःचा विजय सांगणारे राजे इतिहासात फार नाहीत.

इ. स. पू. आठव्या शतकापासून अरामी भाषा दोघांच्याही घरात शिरली. असिरियन भित्तिशिल्पांत लढाईनंतरची लूट मोजणारे दोन कारकून शेजारी उभे दिसतात : एकाच्या हातात पाटी आणि बोरू, दुसऱ्याच्या हातात गुंडाळी आणि लेखणी. पहिला अक्कडियन लिहितो आहे आणि दुसरा अरामी. दुसऱ्या सार्गोनच्या काळात उर येथील एका अधिकाऱ्याने अरामीत पत्र पाठवण्याची परवानगी मागितली, तेव्हा राजाने ती नाकारून अक्कडियनमध्येच लिहिण्यास फर्मावले.

५. असिरियन लोक पहिल्यापासून लढवय्येच होते ना?

नव्हते. इ. स. पू. एकोणिसाव्या शतकातले अश्शुर हे व्यापाऱ्यांचे गाव होते. तेथील पेढीवाले गाढवांच्या तांड्यांवर कथील आणि लोकरी कापड लादून सुमारे १००० किलोमीटरवरच्या कानेश या अनातोलियातील पेठेत नेत आणि बदल्यात सोने-चांदी आणत. कानेशच्या जागी, म्हणजे तुर्कस्तानातील कुलतेपे येथे, त्यांच्या सुमारे २३,००० पाट्या मिळाल्या आहेत : हुंड्या, थकबाक्या, भागीदारीचे करार आणि मातीच्या लिफाफ्यात घातलेली घरची पत्रे.

त्यांपैकी लमस्सी नावाच्या स्त्रीची पत्रे वाचण्यासारखी आहेत. ती अश्शुरमध्ये राहून कापड विणवून घेते आणि कानेशला असलेल्या पुशुकेन या नवऱ्याकडे पाठवते. कापडाची लांबी-रुंदी आणि पैसे वेळेवर न येणे यांच्या तक्रारी करता करता ती सुनावते, की तुम्ही गेल्यापासून शलिम-अहुमने दोनदा घर बांधले, आपण कधी बांधणार? साम्राज्याचे, वेढ्यांचे आणि खंडणीचे असिरिया या पत्रांनंतर हजार वर्षांनी आले.

६. देव वेगळे होते का?

मुख्य देव वेगळे होते, बाकीचे देवमंडळ सामाईक होते. बॅबिलोनचा मर्दुक आणि असिरियाचा अश्शुर. त्यांखेरीज इश्तार, शमश, सिन, अदाद, नबू यांची देवळे दोन्हीकडे होती. अश्शुर हा जरा निराळाच देव आहे : नगराचे, देशाचे आणि देवाचे नाव एकच. मर्दुक तियामत या आदिसागराच्या राक्षसीला मारून सृष्टी घडवतो, ही कथा सांगणारे बॅबिलोनी काव्य असिरियातही म्हटले जाई. पण असिरियन राजा सेनाखेरिब याच्या काळात मर्दुकाच्या जागी अश्शुरचे नाव घालून त्याची असिरियन आवृत्ती तयार झाली.

राजाचे स्थानही वेगळे होते. असिरियात खरा राजा अश्शुर हा देवच, आणि माणूस-राजा हा त्याचा कारभारी व पुजारी. राज्याभिषेकात 'अश्शुर राजा आहे' अशी घोषणा होई. बॅबिलोनमध्ये राजा पुजारी नव्हता. अकितू या नववर्षाच्या उत्सवात मुख्य पुजारी राजाची राजचिन्हे काढून घेई, त्याच्या थोबाडीत मारी, कान धरून त्याला मर्दुकापुढे गुडघ्यावर बसवी आणि आपण बॅबिलोनचा अपराध केला नसल्याचे त्याच्याकडून वदवून घेई. चिन्हे परत दिल्यावर पुन्हा एक थप्पड; राजाच्या डोळ्यांत पाणी आले तर देव प्रसन्न. हा विधी सांगणाऱ्या पाट्या उत्तरकालीन, ग्रीक अमलातल्या आहेत, हे मात्र लक्षात ठेवावे.

७. असिरियन क्रूर आणि बॅबिलोनियन सुसंस्कृत, हे खरे आहे का?

असा समज होण्याचे श्रेय बरेचसे असिरियनांनाच जाते, कारण आपली क्रूरता त्यांनी स्वतःच दगडात कोरून ठेवली. बंडखोरांना सुळावर देणे, कातडी सोलणे, मुंडक्यांचे ढीग हे सारे त्यांच्या राजवाड्यांच्या भिंतींवर आणि विजयलेखांत तपशिलाने आहे; भेटीस येणाऱ्या मांडलिकाला धडकी भरावी, हा हेतू स्पष्ट दिसतो. बॅबिलोनचे राजे आपल्या लेखांत लढायांविषयी फार कमी बोलतात. दुसरा नबुखद्नेस्सर (इ. स. पू. ६०५ ते ५६२) पानेच्या पाने देवळे, तट आणि कालवे यांचे वर्णन करतो आणि विटेविटेवर आपले नाव छापतो. याच राजाने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील लोक धरून नेले. त्याच्या राजवाड्यातल्या कोठाराच्या पाट्यांत यहूदाच्या कैदी राजाला आणि त्याच्या मुलांना तिळाच्या तेलाचा शिधा दिल्याची नोंद आहे. दोन्ही राज्ये लोकांना मुळासकट उचलून दुसरीकडे वसवत असत. एकाने आपल्या युद्धांची जाहिरात केली आणि दुसऱ्याने आपल्या बांधकामांची.

८. असिरिया इतका बलाढ्य होता, तर त्याने बॅबिलोन सरळ आपल्या राज्यात का जोडले नाही?

सर्व प्रश्नांत हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. इतर जिंकलेल्या प्रदेशांवर असिरियन राजे सुभेदार नेमत. बॅबिलोनपाशी आले की त्यांचा हात अडखळे, कारण त्यांचे देव, त्यांची भाषा आणि त्यांची विद्या यांचे माहेर तेथेच होते. तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरने इ. स. पू. ७२९ मध्ये बॅबिलोन घेतले, तेव्हा तो स्वतःच तेथील राजा झाला आणि मर्दुकाच्या उत्सवात सहभागी झाला. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन मुकुट, पण राज्ये दोन, अशी ती व्यवस्था होती.

सेनाखेरिबने दुसरे उपाय करून पाहिले. त्याने आपला थोरला मुलगा बॅबिलोनच्या गादीवर बसवला. बॅबिलोनियनांनी त्याला धरून इलाम राज्याच्या हवाली केले. सूडाने पेटलेल्या बापाने इ. स. पू. ६८९ मध्ये नगर पाडले, देवळे फोडली आणि कालव्यांचे पाणी त्यावर सोडले. आपण हे कसे केले, ते त्याने अभिमानाने लिहून ठेवले आहे. परंतु या कृत्याने खुद्द असिरियातही अनेकांना पापाची धास्ती वाटली असावी, असे पुढील घटनांवरून दिसते.

इ. स. पू. ६८१ मध्ये सेनाखेरिबचा घरातूनच खून झाला आणि गादीवर आलेल्या एसारहद्दोनने बॅबिलोन पुन्हा बांधायला घेतले. अडचण अशी होती, की मर्दुकाने रागावून नगर ७० वर्षे उजाड राहील असे लिहून ठेवल्याचे मानले जात होते. त्यावर काढलेली तोड कीलाकार अंकलेखनात पाहण्यासारखी आहे. या पद्धतीत उभी खूण ६० साठीही चालते आणि १ साठीही, तर कोनाच्या आकाराची खूण म्हणजे १०. उभी खूण आधी आणि कोन नंतर लिहिला तर होतात ७०. कोन आधी आणि उभी खूण नंतर लिहिली तर होतात ११. दयाळू मर्दुकाने पाटी उलटी केली आणि अकराव्या वर्षीच नगर वसवण्याची आज्ञा दिली, असे एसारहद्दोनचा लेख सांगतो. बापाचे नाव न घेता बापाचे कृत्य निस्तरण्याची ही रीत मोठी हुशारीची म्हटली पाहिजे.

त्यानंतरही प्रश्न सुटला नाही. एसारहद्दोनने एक मुलगा, अशुरबनिपाल, असिरियाच्या गादीसाठी आणि दुसरा, शमश-शुम-उकिन, बॅबिलोनच्या गादीसाठी नेमला, इ. स. पू. ६५२ ते ६४८ या काळात भावाभावांत युद्ध झाले आणि बॅबिलोन उपासमारीने पडले. पुढे बॅबिलोनच्या नबोपोलास्सरने इराणातील मीड लोकांशी हातमिळवणी केली. इ. स. पू. ६१४ मध्ये मीडांनी अश्शुर घेतले आणि ६१२ मध्ये दोघांनी मिळून निनवे पाडले.

९. निनवेचे प्रसिद्ध ग्रंथालय असिरियन, मग त्यातले ज्ञान कोणाचे?

बरेचसे बॅबिलोनचे. अशुरबनिपाल हा लिहितावाचता येणारा राजा होता आणि आपण प्रलयापूर्वीचे लेखही वाचले आहेत, अशी फुशारकी तो मारतो. त्याने दक्षिणेतील नगरांतून पाट्या गोळा करवल्या, नकला करवल्या आणि भावाचा पाडाव झाल्यावर तेथील खासगी संग्रहही निनवेत आणवले. दोन्हीकडचे अक्षरवळण त्या काळी इतके वेगळे झाले होते, की जाणकाराला पाटी हातात घेताच ती बॅबिलोनी हातची की असिरियन हातची हे कळते. निनवेत दोन्ही प्रकार सापडले. या संग्रहाच्या सुमारे ३०,००० पाट्या आणि तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गिल्गामेशच्या कथेतील जलप्रलयाची पाटी जॉर्ज स्मिथ यांनी १८७२ मध्ये ओळखली, ती याच संग्रहातली. म्हणजे बॅबिलोनचे वाङ्मय आपल्यापर्यंत पोचले, ते मोठ्या प्रमाणात असिरियन राजाच्या हव्यासामुळे.

१०. हम्मुराबीचा कायदा असिरियातही चालत होता का?

नाही. हम्मुराबीचा स्तंभ बॅबिलोनियाचा. तो १९०१ मध्ये इराणातील सुसा येथे सापडला, कारण इलामच्या राजाने तो लुटून नेला होता. आज तो पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहे. त्याची रूढ कलमे २८२ असून शिक्षा गुन्हेगाराच्या आणि फिर्यादीच्या दर्जाप्रमाणे बदलतात. असिरियाच्या कायद्याच्या पाट्या अश्शुर येथे मिळाल्या आणि त्या अधिक कठोर आहेत. त्यांतील एक कलम असे, की विवाहित स्त्रीने रस्त्यावर डोके झाकून जावे, पण दासीने किंवा वेश्येने झाकल्यास तिला शिक्षा व्हावी, आणि ते पाहूनही गप्प बसणाऱ्या पुरुषालाही.

११. वर्षे मोजण्याची पद्धत सारखी होती का?

हा फरक किरकोळ वाटतो, पण प्राचीन पश्चिम आशियाचा कालक्रम त्यावर उभा आहे. बॅबिलोनियात आधी वर्षाला त्या वर्षीच्या घटनेचे नाव देत आणि नंतर राजाचे कितवे वर्ष ते मोजत. असिरियात प्रत्येक वर्ष एका मानकऱ्याच्या नावाने ओळखले जाई. त्याला लिम्मू म्हणत. या नावांच्या याद्या टिकल्या आहेत. त्यांत बुर-सगले याच्या वर्षी सूर्यग्रहण झाल्याची नोंद आहे, आणि खगोलगणिताने ते ग्रहण १५ जून इ. स. पू. ७६३ चे ठरले. त्या एका खुंटीला बाकीची वर्षे बांधता आली. ग्रहणांची आणि ग्रहांची रोजनिशी शतकानुशतके ठेवण्याचे काम मात्र बॅबिलोनच्या पंडितांचे. तासाची ६० मिनिटे आणि वर्तुळाचे ३६० अंश त्यांच्याच साठांच्या गणितातून आले.

१२. बायबलमधले अश्शूर, बाबेल आणि खास्दी म्हणजे हेच का?

होय. मराठी बायबलमध्ये असिरियाला अश्शूर आणि बॅबिलोनला बाबेल म्हटले आहे. इस्राएलचे उत्तरेकडील राज्य इ. स. पू. ७२२ च्या सुमारास असिरियाने संपवले. यहूदाचे राज्य आणि जेरुसलेम इ. स. पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये बॅबिलोनने. या दोन घटनांची गल्लत फार होते.

खास्दी ही दक्षिणेतील दलदलीच्या भागात स्थिरावलेली टोळ्यांची मंडळी. नवबॅबिलोनियन राज्याला पुष्कळदा खास्दी राज्य म्हणतात, पण त्याचा शेवटचा राजा नबोनिदस या चौकटीत बसत नाही. त्याची आई अद्द-गुप्पी ही असिरियाच्या शेवटच्या आश्रयस्थानी, म्हणजे हर्रानमध्ये, चंद्रदेवाची भक्त होती. तिने शंभरी ओलांडली आणि आपल्या लेखात असिरियन राजांची कारकीर्दही आठवणीने मोजली आहे. मुलगाही अशुरबनिपालचा उल्लेख पूर्वसूरी म्हणून करतो. बॅबिलोनच्या शेवटच्या राजाच्या मनात असिरिया होता, तो असा.

१३. संग्रहालयात एखादी वस्तू पाहून ती कोणाची हे कसे ओळखावे?

दगडी भित्तिशिल्प, शिकारीची किंवा वेढ्याची दृश्ये आणि माणसाचे डोके व पंख असलेले प्रचंड बैल दिसले, तर बहुधा असिरिया. निळ्या झिलईच्या विटांवर सिंह, बैल किंवा सापाच्या मानेचा मर्दुकाचा प्राणी दिसला, तर बॅबिलोन. बर्लिनमधील इश्तार दरवाजा हा त्याचा नमुना. झिलईच्या विटा असिरियातही होत, म्हणून केवळ रंगावर जाऊ नये.

यासाठी बर्लिन-लंडनला जावेच लागते असे नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियाची एक राजधानी असलेल्या निमरूदच्या राजवाड्यातील भित्तिशिल्पे आहेत. तेथून फोर्टमधल्या माणेकजी सेठ अग्यारीपर्यंत चालत गेल्यास दाराशी पंख असलेले, मानवी मुखाचे बैल दिसतील. ते पारशी समाजाने इराणच्या पर्सेपोलिसवरून घेतले, आणि पर्सेपोलिसच्या कारागिरांपुढे ही कल्पना असिरियाकडून आली होती.

१४. झुलत्या बागा बॅबिलोनमध्ये होत्या ना?

ग्रीक लेखक तसे सांगतात, पण बॅबिलोनच्या उत्खननात त्या निर्विवादपणे सापडलेल्या नाहीत आणि नबुखद्नेस्सर स्वतः त्यांचे नाव काढत नाही. दुसरीकडे, सेनाखेरिब निनवेतील आपल्या उंच बागेचे आणि तिला पाणी चढवण्याच्या साधनांचे वर्णन करतो. जेरवान येथे त्याने बांधलेला दगडी जलसेतू आजही पाहता येतो. म्हणून या बागा मुळात निनवेच्या होत्या, असे मत स्टेफनी डॅली यांनी मांडले. ते सर्वांनी स्वीकारलेले नाही.

१५. पुराणांतले असुर म्हणजे असिरियन का?

नावाच्या सारखेपणामुळे हा प्रश्न दर काही दिवसांनी येतो. 'असुर' हा शब्द अवेस्तातील 'अहुर' याचा सख्खा भाऊ आहे, आणि ऋग्वेदात तो वरुणासारख्या देवांनाही आदराने लावला आहे. म्हणजे त्याचे घराणे भारतीय-इराणी आहे. 'अश्शुर' हे टायग्रिसकाठच्या एका नगराचे नाव. या दोहोंत नाते जोडायला ध्वनिसाम्यापलीकडे भक्कम पुरावा नाही.

मेसोपोटेमियाशी संबंध शोधण्याचा याहून काळजीपूर्वक प्रयत्न लोकमान्य टिळकांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात केला होता. अथर्ववेदातील सर्पविषावरच्या मंत्रांत येणारे तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला हे शब्द खास्दी प्रदेशातून आले असावेत आणि तैमात म्हणजे तियामत (प्रश्न ६ पाहावा), असे त्यांचे म्हणणे. ते वादग्रस्त आहे, पण त्यांनी तुलना कोणत्या शब्दाची कोणत्या शब्दाशी केली हे तरी नेमके सांगता येते; असुर-असिरियन या जोडीबाबत तेवढेही होत नाही.

१६. सीरिया आणि असिरिया ही एकच नावे आहेत का?

नाव एक, प्रदेश वेगळे. तुर्कस्तानात चिनेक्योय येथे १९९७ मध्ये सापडलेल्या इ. स. पू. आठव्या शतकातील द्वैभाषिक लेखात फिनिशियन भागात 'अश्शुर' आणि लुवियन भागात 'सुरा' असे एकाच राज्याचे नाव येते. ग्रीकांनी आखूड रूप उचलले आणि पुढे ते पश्चिमेकडील प्रदेशाला चिकटले.

१७. आज असिरियन किंवा बॅबिलोनियन लोक उरले आहेत का?

असिरियन म्हणवून घेणारा समाज आहे : इराक, सीरिया, इराण आणि तुर्कस्तानातील ख्रिस्ती, ज्यांची मातृभाषा अरामीची आधुनिक रूपे आहेत, त्यांतील बरेच आता परदेशांत स्थायिक आहेत. त्यांच्या 'चर्च ऑफ द ईस्ट'ची एक शाखा केरळात त्रिशूर येथे आहे. बॅबिलोनियन म्हणवून घेणारा समाज मात्र कोठेच नाही.

लिपीच्या बाबतीत नेमके उलट घडले. निनवे पडल्यानंतर असिरियन वळणाची लिपी थोड्याच काळात थांबली. बॅबिलोनच्या देवळातले ज्योतिषी इराणी, ग्रीक आणि पार्थियन अशा तीन अमलांखाली मातीवर लिहीत राहिले. वर्ष ठरवता येणाऱ्या त्यांच्या शेवटच्या पाट्या इ. स. च्या पहिल्या शतकातल्या आहेत, आणि त्यांत ग्रहांची स्थाने मांडली आहेत.